इकॉनॉमी वर्गातील लांबचा विमानप्रवास : त्रास, कारणे आणि काळजी

बिदर जिल्ह्यातील औराद तालुका हा कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकाचा भाग. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा येथील बाजारात ऐकू येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता आणि आजही शिक्षण, औषधोपचार व नोकरी यांसाठी येथील पावले हैदराबादकडे वळतात. याच तालुक्यातील संतपूर आणि भोवतालच्या गावांतील मुले अभियंता होऊन हैदराबाद, पुणे, बेंगळुरू या मार्गाने अमेरिका-युरोपात पोहोचली, काही कामासाठी आखाती देशांत गेली. त्यांच्या पाठोपाठ, मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंड सांभाळण्यासाठी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारे आई-वडीलही निघू लागले. या प्रवाशांपैकी बहुतेकांचे तिकीट इकॉनॉमी वर्गाचे असते.

या वर्गातील दीर्घ प्रवासाची कुरकुर सर्वत्र ऐकू येते. तिच्यातील काही भाग निव्वळ गैरसोयीचा आहे, तर काही भाग आरोग्याशी निगडित आहे. या दोहोंतील फरक न कळल्यामुळे अनेक प्रवासी गैरसोयीला घाबरतात आणि धोक्याकडे दुर्लक्ष करतात. म्हणून या त्रासांची कारणे, त्यांमागील शास्त्र आणि करता येण्याजोगी काळजी यांची माहिती एकत्र असणे उपयुक्त ठरते.

प्रवास नेमका किती तासांचा?

तिकिटावर छापलेला उड्डाणाचा वेळ हा प्रवासाचा केवळ एक भाग असतो. कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला आणि बिदरहून ७ फेब्रुवारी २०२० रोजी बेंगळुरूसाठी नागरी विमानसेवा सुरू झाली. मात्र परदेशी जाण्यासाठी या भागातील लोकांना हैदराबादजवळील शमशाबादचा राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळच सोयीचा पडतो. हा विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी विमाने बेगमपेठेतून सुटत.

संतपूरहून शिकागोला निघालेल्या प्रवाशाचा हिशोब मांडला तर तो असा होतो. गाडीने शमशाबादपर्यंत चार तासांच्या आसपास. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी हजेरी. दुबई, अबुधाबी किंवा दोहापर्यंत सुमारे चार तास. तेथे पुढील विमानाची किमान दोन-तीन तासांची प्रतीक्षा. त्यापुढे सुमारे पंधरा तासांचे सलग उड्डाण. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि मुलाच्या घरापर्यंतचा रस्ता वेगळाच. घराचा उंबरठा ओलांडल्यापासून तीस तास सहज उलटतात आणि त्यांतील बहुतांश वेळ बसून जातो. शरीर जीपमधील बैठक आणि विमानातील बैठक असा भेद करीत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

गोव्यातील प्रवाशाला ही रस्त्यावरची पहिली मजल वाचते. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि त्याच वर्षी तेथून लंडनच्या गॅटविक विमानतळासाठी थेट सेवाही मिळाली. स्विंडनमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना भेटण्यासाठी जाणारे वडीलधारे किंवा जहाजावर रुजू होण्यासाठी दूर देशी जाणारे दर्यावर्दी यांना इकॉनॉमी वर्गाचा हाच अनुभव येतो. मजल कमी असली तरी आसन तेवढेच असते.

आकाशातील राजकारणही प्रवासाचे तास वाढवते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केल्यावर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत थांबावे लागले. आसनावर बसलेल्या प्रवाशासाठी याचा अर्थ एकच होता, आणखी काही तास त्याच जागी.

इकॉनॉमी वर्गाचा उगम

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्या काळी आंतरराष्ट्रीय विमानप्रवास ही राजे-महाराजे, उद्योगपती आणि सरकारी अधिकारी यांचीच बाब होती. पुढे विमान कंपन्यांनी मध्यमवर्गाला आकृष्ट करण्यासाठी मे १९५२ पासून अटलांटिक महासागरावरील उड्डाणांत स्वस्त 'टुरिस्ट' वर्ग सुरू केला. एप्रिल १९५८ मध्ये त्याहूनही स्वस्त अशा 'इकॉनॉमी' वर्गाची भर पडली. सूत्र सरळ होते. त्याच विमानात अधिक आसने बसवायची, खानपान साधे ठेवायचे आणि भाडे उतरवायचे.

जेट विमाने आली, एप्रिल १९७१ मध्ये एअर इंडियाकडे पहिले जम्बो जेट दाखल झाले आणि एकाच उड्डाणात शेकडो माणसे जाऊ लागली. १९७८ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवले. भाड्यांची स्पर्धा सुरू झाली आणि प्रत्येक इंचाला किंमत आली. इकॉनॉमी वर्ग नसता, तर संतपूरच्या शेतकरी कुटुंबातील आईला नातवाचे बारसे अमेरिकेत जाऊन करता आले नसते, हे निर्विवाद आहे. त्या स्वस्ताईची किंमत गुडघे, कंबर आणि झोप यांनी मोजली जाते, हेही तितकेच खरे.

आसनाचे माप

आसनाच्या सोयीचे दोन आकडे महत्त्वाचे. पहिला 'पिच', म्हणजे एका आसनावरील एखाद्या बिंदूपासून पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर. ही पाय पसरण्याची मोकळी जागा नव्हे, कारण या अंतरात आसनाच्या पाठीची जाडीही धरलेली असते. लांबच्या उड्डाणांत इकॉनॉमी वर्गाचा पिच साधारणतः ३० ते ३२ इंच असतो. दुसरा आकडा रुंदीचा. ती बहुधा १७ ते १८ इंच, म्हणजे ४३ ते ४६ सेंटिमीटर असते.

एकाच जातीच्या विमानातही रुंदी बदलते. बोइंग ७७७ हे विमान आले तेव्हा अनेक कंपन्यांनी एका ओळीत नऊ आसने बसवली होती. पुढे बहुतेकांनी दहा बसवली. धड तेच राहिले आणि प्रत्येकाच्या वाट्याची सुमारे एक इंच जागा गेली. बोइंग ७८७ मध्ये ओळीत आठ आसनांचीही सोय होती, परंतु बहुसंख्य कंपन्यांनी नऊ आसनांची मांडणी पत्करली. एअरबस ए-३५० मध्ये नऊच्या मांडणीत रुंदी १८ इंचांच्या आसपास राहते. म्हणून तिकीट काढताना केवळ कंपनीचे नाव पाहणे पुरेसे नाही. कोणत्या जातीचे विमान आहे आणि ओळीत किती आसने आहेत, हेही पाहावे.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. आसनांमधील सरासरी अंतर ३५ इंचांवरून ३१ इंचांवर आले, असे एका प्रवासी संघटनेचे म्हणणे होते. जुलै २०१७ मध्ये तेथील अपील न्यायालयाने विमान नियामकाला या प्रश्नाचा सुरक्षेच्या दृष्टीने फेरविचार करण्यास सांगितले. आणीबाणीत अर्धीच दारे उघडली तरी नव्वद सेकंदांत विमान रिकामे होऊ शकले पाहिजे, असा नियम आहे. दाटीवाटीच्या आसनांतून हे शक्य होईल काय, असा तो मुद्दा होता. २०१८ च्या कायद्याने नियामकावर आसनाची किमान मापे ठरवण्याची जबाबदारी टाकली आणि २०२२ मध्ये लोकांची मतेही मागवण्यात आली. तथापि या साऱ्या चर्चेचा निकष जीव वाचवण्याचा होता, आरामाचा नव्हे. आरामाचे माप बाजारावरच सोडलेले आहे.

जगातील सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी एक सिंगापूर ते न्यूयॉर्कजवळील नेवार्क हे आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानात १६१ आसने आहेत आणि त्यांत इकॉनॉमी वर्ग मुळी नाहीच. इतक्या लांबच्या पल्ल्यात वजन कमी ठेवावे लागते आणि त्यामुळे अधिक भाडे देणाऱ्या थोड्या प्रवाशांवरच गणित जमवावे लागते.

केबिनमधील हवा

विमान ३५ ते ४० हजार फुटांवर उडत असले, तरी आतील हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो. तो जमिनीवरच्या दाबाइतका मात्र नसतो. नियमानुसार केबिनमधील दाब आठ हजार फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीवरील दाबापेक्षा खाली जाता कामा नये. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे विमानातील प्रवासी काही तास कळसूबाईच्याही वरच्या विरळ हवेत बसलेला असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत ही उंची सुमारे सहा हजार फुटांपर्यंत ठेवता येते, म्हणून त्यांत थकवा काहीसा कमी जाणवतो.

विरळ हवेमुळे रक्तातील प्राणवायूचे प्रमाण काही टक्क्यांनी घटते. निरोगी माणसाला ते कळतही नाही. ज्यांना जुनाट दमा, फुप्फुसांचा विकार, हृदयविकार किंवा तीव्र रक्तक्षय आहे, त्यांना मात्र ते बाधू शकते.

केबिनमधील हवेत ओलावा अत्यल्प, बहुधा २० टक्क्यांहून कमी असतो. डोळे चुरचुरतात, नाक कोरडे पडते, ओठ फुटतात. कोरड्या हवेने संपूर्ण शरीरातील पाणी आटते, हा समज अतिशयोक्त आहे. त्रास मुख्यतः त्वचा आणि नाक-घशाच्या अस्तराला होतो. पण स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून मुद्दाम पाणी न पिणारे प्रवासी, विशेषतः वृद्ध स्त्रिया, स्वतःवर खरीखुरी पाण्याची कमतरता ओढवून घेतात. ही सवय सोडणे अगत्याचे.

'विमानातील हवा शिळी असते' हा आणखी एक समज. आधुनिक विमानांत साधारण निम्मी हवा बाहेरून ताजी घेतली जाते आणि उरलेली सूक्ष्म गाळण्यांतून फिरवली जाते. दर दोन-तीन मिनिटांनी केबिनमधील सारी हवा बदलते. संसर्गाचा धोका असतो तो मुख्यतः शेजारी बसलेल्या आजारी माणसाचा आणि हाताळलेल्या वस्तूंचा.

पोट, कान आणि जीभ

दाब घटला की वायूचे आकारमान वाढते. आठ हजार फुटांच्या दाबाला आतड्यातील वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. पोट गच्च होणे, कळा येणे, ढेकर येणे यांचे कारण हेच. निघण्यापूर्वी उसळी, कच्चा कांदा, तळणीचे पदार्थ आणि सोड्याची पेये टाळावीत. या भागातील ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी हे प्रवासाचे जुने अन्न विमानातही चालण्यासारखे आहे. लोणचे आणि तूप मात्र हातातील सामानात ठेवू नये. शंभर मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव किंवा तेलकट पातळ पदार्थ सुरक्षा तपासणीत अडवले जातात.

कानाला दडे बसतात ते मुख्यतः विमान उतरताना. घशाच्या मागील भागातून मधल्या कानाकडे जाणारी नळी सर्दीमुळे सुजलेली असेल, तर कानातील आणि बाहेरील दाब समान होत नाही. गिळल्याने, जांभई दिल्याने किंवा गोळी चघळल्याने ती नळी उघडते. तान्ह्या बाळाला विमान उतरताना दूध पाजावे. जोराची सर्दी असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

विमानातील जेवण बेचव लागते, याचा दोष केवळ स्वयंपाक्याचा नसतो. २०१० च्या सुमारास जर्मनीत झालेल्या प्रयोगांत केबिनसारख्या दाबात आणि कोरड्या हवेत मिठाची चव २० ते ३० टक्के आणि साखरेची १५ ते २० टक्के कमी जाणवते, असे दिसले. इंजिनांची अखंड घरघरही चवीवर परिणाम करते. म्हणून विमानातील पदार्थांत मीठ-मसाला वाढवलेला असतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावे.

खरा धोका : पायातील रक्ताची गुठळी

आतापर्यंत सांगितलेले बहुतेक त्रास उतरल्यावर एक-दोन दिवसांत निवळतात. एक त्रास मात्र उतरल्यानंतर सुरू होऊ शकतो. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटऱ्यांतील रक्तप्रवाह मंदावतो. खोल शिरेत गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते.

ही बाब विमानांच्या युगाआधीपासून ठाऊक आहे. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर रात्री काढणाऱ्या लोकांमध्ये फुप्फुसातील गुठळीने मृत्यू झाल्याची नोंद कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने केली होती. १९५४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद जॉन होमन्स यांनी दीर्घ बैठकीनंतर, विमानप्रवासानंतरही, झालेल्या गुठळ्यांचे वर्णन केले. पुढे १९७७ मध्ये या विकाराला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असे नाव मिळाले.

नाव आकर्षक असले तरी ते दिशाभूल करणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ सलग बसून केलेल्या प्रवासाने गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. हा धोका विमानापुरता मर्यादित नाही, मोटार, बस आणि रेल्वे यांनाही तो लागू आहे. महागड्या वर्गात बसून हालचाल न करणाऱ्या प्रवाशालाही तो टळत नाही. निरोगी माणसाच्या बाबतीत प्रत्यक्ष धोका अल्प, म्हणजे सहा हजारांत एक इतका आहे. घाबरून प्रवास रद्द करण्याचे कारण नाही. परंतु संतपूरच्या प्रवाशाचा बैठकीचा हिशोब विमानात बसल्यावर सुरू होत नाही. तो गावातून गाडी सुटताच सुरू होतो. त्यामुळे वाटेत एकदा-दोनदा गाडी थांबवून दहा मिनिटे चालणे हा प्रवासाच्या तयारीचाच भाग मानावा.

काही व्यक्तींना धोका अधिक असतो. पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, गर्भनिरोधक किंवा संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि स्थूल व्यक्ती यांचा त्यात समावेश होतो. त्याच अभ्यासात उंचीचाही संबंध आढळला. १.९ मीटरहून उंच असलेल्यांप्रमाणेच १.६ मीटरहून, म्हणजे सुमारे सव्वापाच फुटांहून, बुटक्या व्यक्तींनाही धोका अधिक होता. उंच माणसाचे गुडघे अडकतात, तर ठेंगण्या व्यक्तीचे पाय जमिनीला पुरेसे टेकत नाहीत आणि आसनाची कड मांडीखालील शिरा दाबते. आपल्याकडील असंख्य स्त्रियांची उंची यात बसते. पायांखाली हातातली पिशवी ठेवून तळवे टेकवण्याची व्यवस्था केली, तरी हा दाब कमी होतो.

खिडकीचे आसन हवेसे वाटते. तेथे बसलेला माणूस मात्र दोन शेजाऱ्यांना उठवण्याच्या संकोचाने जागचा हलत नाही. वृद्धांसाठी मार्गिकेलगतचे आसन श्रेयस्कर.

एका पायाला सूज, पोटरीत दुखणे किंवा तो भाग गरम लागणे ही गुठळीची लक्षणे आहेत. प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत ती उद्भवू शकतात. दोन्ही पायांना आलेली आणि रात्रीच्या विश्रांतीने उतरणारी सूज सामान्य होय. एकाच पायाची सूज सामान्य समजू नये. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे आणि अलीकडे लांबचा प्रवास केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही एक माहिती निदानाची दिशा बदलू शकते.

झोप आणि शरीराचे घड्याळ

हिवाळ्यात शिकागोची वेळ भारतापेक्षा साडेअकरा तासांनी मागे असते, उन्हाळ्यात साडेदहा तासांनी. म्हणजे दिवसाची रात्र होते. मेंदूतील घड्याळ प्रकाशावर चालते आणि ते एका दिवसात साधारण एक ते दीड तासच सरकते. त्यामुळे पूर्ण जुळवून घेण्यास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पश्चिमेकडे जाताना बहुतेकांना कमी त्रास होतो, पूर्वेकडे परतताना अधिक. पोहोचल्यावर दिवसा बाहेरच्या उजेडात फिरणे, दुपारी फार तर अर्धा तास पडणे आणि स्थानिक रात्रीच झोपणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांचा प्रश्न वेगळा आहे. 'सकाळची गोळी' नेमक्या कोणत्या सकाळी घ्यायची? इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावे. प्रवासाच्या दिवशी एकादशी किंवा अन्य उपवास आल्यास मधुमेह्यांनी तो पुढे ढकलावा.

करावयाची काळजी

तिकीट काढताना दोन विमानांमधील वेळ वृद्धांसाठी तीन तासांहून कमी ठेवू नये. मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्यापर्यंतची चालच अर्ध्या तासाची असू शकते. चाकाच्या खुर्चीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी. केवळ अपंगांसाठीच ही सोय आहे, असा संकोच धरू नये. भाषा न कळणाऱ्या वृद्धाला योग्य दारापर्यंत पोहोचवणारा मदतनीस तिच्यासोबत मिळतो. शाकाहारी किंवा जैन जेवणही आधीच नोंदवावे लागते.

औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, पातळ शाल आणि मुलाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद हातातील सामानात ठेवावा. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद चालतो. कपडे सैल असावेत आणि चपला-बूट किंचित ढिले, कारण पाय सुजतात.

विमानात दर तासाला घोटे वर-खाली करावेत, टाचा व चवडे आलटून-पालटून उचलावेत. दर दोन तासांनी मार्गिकेतून एक फेरी मारावी. पाणी थोडे थोडे पीत राहावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, त्यांनी झोप येते ती निश्चल असते आणि निश्चलताच घातक ठरते. गुठळीचा धोका अधिक असलेल्यांना गुडघ्यापर्यंतचे दाबमोजे उपयोगी पडतात. मात्र पायातील रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांनी आणि मधुमेह्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घालावेत. गुठळी टाळण्यासाठी ऐकीव माहितीवर ॲस्पिरिन घेऊ नये.

आसनावर असेपर्यंत पट्टा सैलसर का होईना, बांधलेला असावा. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान म्यानमारवर आकाशातील तीव्र हेलकाव्यात सापडले. त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले.

पुढच्या प्रवाशाने आसन मागे रेलले की वाद होतात. जेवणाच्या वेळी आसन सरळ ठेवावे, इतर वेळी मागे पाहून हळू रेलावे, हा संकेत पाळला तर बहुतेक वाद टळतात.

हक्क आणि त्यांच्या मर्यादा

रात्री आठ ते पहाटे तीन यांदरम्यान सुटणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानाला सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर निवासाची सोय देण्याची तरतूद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. अन्य वेळच्या विमानांसाठी ही मर्यादा चोवीस तासांची आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासातील इजा, विलंब आणि सामानाची हानी यांना १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. तो भारतात २००९ पासून अमलात आहे.

परंतु या करारानुसार शारीरिक इजेची भरपाई 'अपघात' झाला तरच मिळते. पायातील गुठळीच्या दाव्यांवर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने डिसेंबर २००५ मध्ये निर्णय दिला. विमान नेहमीप्रमाणे उडाले आणि प्रवासी नेहमीप्रमाणे बसून राहिला, यात अपघात घडला असे म्हणता येत नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजेच अरुंद आसनाविरुद्ध कायद्याची ढाल तोकडी आहे.

त्यामुळे या प्रवासातील जबाबदारीचा मोठा वाटा तिकीट काढणाऱ्यावर येतो आणि ते बहुधा परदेशातील मुलगा किंवा मुलगीच काढते. दोन-चार हजार रुपयांच्या बचतीसाठी दोन ठिकाणी विमान बदलायला लावणारे तिकीट साठी ओलांडलेल्या आईच्या माथी मारायचे की नाही, हा हिशोब संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. मार्गिकेलगतचे आसन, चाकाची खुर्ची आणि औषधांचे वेळापत्रक यांपैकी खर्च येतो तो फार तर पहिल्याला. गावाकडून निघालेले माणूस तीस तासांनी पोहोचते तेव्हा ते स्वतःच्या पायांनी दारातून आत यावे, एवढ्यासाठी ही पूर्वतयारी.